टेकडीवरचे श्रमदान : मोजमापाचा वाद

एखाद्या जीवजातीला जगण्यासाठी लागणारे अन्न, पाणी, आसरा आणि विणीची जागा ज्या परिसरात एकत्र मिळते त्याला त्या जातीचा अधिवास म्हणतात, आणि माणसाच्या वापरामुळे बिघडलेला असा परिसर पुन्हा आपल्या मूळ चालीवर यावा म्हणून जे काम केले जाते त्याला अधिवास-पुनर्स्थापना असे नाव आहे. सावरण्याची क्षमता त्या परिसरातच शिल्लक आहे आणि माणसाने मुख्यतः तिच्या वाटेतले अडथळे दूर करायचे आहेत, हे या कामामागचे गृहीतक असून वनीकरणाहून ते इथेच वेगळे होते. कारण वनीकरणात किती झाडे लावायची हे आधी ठरते आणि जागा नंतर शोधली जाते. महाराष्ट्रात ही दोन्ही कामे ‘श्रमदान’ या एकाच नावाने चालत असल्यामुळे त्यांच्यातला फरक सहसा नजरेआड राहतो आणि खड्डे खणून झाल्यावरच कुणाच्या तरी ध्यानात येतो.

हा फरक पुण्याच्या टेकड्यांवर विशेष टोकदार झाला आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, पर्वती, तळजाई अशा शहराने वेढलेल्या या उंचवट्यांवर रविवारी सकाळी कुदळी, घमेली आणि पाण्याचे कॅन घेऊन येणाऱ्या नागरिकांची परंपरा जुनी असून तिच्यामागच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो त्या हातांना कोणते काम द्यावे याविषयी. पुढील संवाद वेताळ टेकडीचा माथ्यालगतचा उघडा, गवताळ भाग डोळ्यांसमोर ठेवून रचला आहे. त्यात बोलणारे दोघे म्हणजे कुणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत, तर अशा गटांमध्ये नेहमी आढळणाऱ्या दोन भूमिका आहेत : एक निवृत्त शिक्षक, जे श्रमदानाचे संयोजन करतात आणि ज्यांना सगळी टेकडी ‘काका’ म्हणते, दुसरी गवताळ परिसंस्थांचा अभ्यास करणारी तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ. निमित्त आहे पहिल्या पावसानंतरच्या रविवारी व्हायच्या श्रमदानाच्या आखणीचे.

संयोजक : ताई, तयारी बहुतेक झाली आहे. मे महिन्यातच माथ्यावर तीनशे खड्डे खणून ठेवले आहेत, रोपवाटिकेतून कडुनिंब, करंज, बहावा आणि पिंपळ यांची रोपे येणार आहेत, आणि दोनशे माणसांनी नावे दिली आहेत. प्रत्येकाने एक रोप लावायचे, त्याला आळे करायचे आणि पुढचे दोन उन्हाळे बाटलीने पाणी घालायचे. टेकडी आपली आहे असे माणसाला नुसते सांगून पटत नाही; तिथे त्याचे एक झाड असले की पटते.

अभ्यासिका : काका, माणसे जमवण्यात तुमचा हात धरणारे कुणी नाही, पण खड्डे जिथे खणले आहेत तिथे एकदा पुन्हा पाहायला हवे. माथ्यावर माती वीतभरही नाही, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथे मोठे झाड नाही ते कुणी लावले नाही म्हणून नव्हे. ती जागाच गवताची आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते आणि त्यांत लांब लांब अंतरावर उभी असलेली सालई, मेडशिंगी, हिवर यांसारखी झाडे, असे या भागाचे मूळ रूप आहे. सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे असलेल्या अशा परिसराला सॅव्हाना म्हणतात. तो जंगलाचा उजाड अवशेष नसून जंगलाइतकाच स्वतंत्र आणि पुरातन असा परिसंस्थेचा प्रकार आहे.

संयोजक : हे पुस्तकात ठीक आहे. पण जुन्या लोकांना विचारा. साठ-सत्तरच्या दशकात ही टेकडी बोडकी होती. गुरे चरून, जळणासाठी खोडे-मुळे उकरून तिची कातडी सोलली होती, आणि दर पावसाळ्यात लाल पाणी खाली वाहून जात होते. त्या टेकडीला पुरातन परिसंस्था म्हणायचे?

संयोजकांचा हा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. वर्षाचे आठ महिने वाळलेले आणि चार महिने कमरेपर्यंत वाढणारे गवत उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ओसाड वाटते हे खरे असले, तरी अतिचराई आणि जळणतोड यांमुळे शहरालगतच्या टेकड्यांचे नुकसान झाले होते हेही तितकेच खरे आहे. त्यावर वनखात्याने त्या काळी योजलेला उपाय म्हणजे गिरिपुष्प अर्थात ग्लिरिसिडिया. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे मूळ स्थान असलेला हा वृक्ष कोकणात भाताच्या बांधांवर हिरवळीच्या खतासाठी लावला जातो, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवतात. तो भराभर वाढतो, फांदी खोचली तरी रुजतो आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. उजाड उतार लवकर झाकण्याची घाई असलेल्या खात्याला याहून सोयीचे झाड मिळणे कठीण होते. आज पुण्याच्या टेकड्यांवर हिवाळ्याच्या अखेरीस जो गुलाबी-पांढरा बहर दिसतो आणि ज्याची छायाचित्रे हौसेने काढली जातात तो बहुतांशी याच परक्या झाडाचा आहे.

अभ्यासिका : गिरिपुष्पाने उतारावरची माती धरली, हे मान्यच करायला हवे. पण माती धरल्यावर ते थांबले नाही. शेंगा तडकून बी दूर उडते, तोडलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, आणि दाट सावलीखाली गवत मरते. इथली गवते ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात तिला ‘सी-फोर’ म्हणतात, म्हणजे पानाच्या आत कर्बवायू आधी एका ठिकाणी साठवून मग वापरण्याची पद्धत. ती प्रखर ऊन आणि उष्णता यांत सरस ठरते, सावलीत मात्र तिचा काही लाभ होत नाही. शिवालिक टेकड्यांच्या पुरातन मातीतले पुरावे सांगतात की अशी गवते भारतीय उपखंडात साठ ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली. माणूस इथे कुऱ्हाड घेऊन येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. त्यामुळे माणसाने झाडे तोडली म्हणून गवत आले असे सरसकट म्हणता येत नाही.

संयोजक : गवत टिकवायचे तर त्याला आपली गरजच काय? ते आपोआप उगवते.

अभ्यासिका : ते आपोआप उगवते तेही पाहण्यासारखे आहे. कुसळीचे एक बी हातात घ्या. टोकाला सुईसारखा काटा, त्यावर मागे वळलेले केस आणि पाठीशी बोटभर लांबीचे, दोरीसारखे पिळलेले कुसळ. हवेत दमटपणा आला की त्या कुसळाचा पीळ सुटतो आणि हवा कोरडी झाली की तो पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने बी मातीत स्क्रूसारखे शिरते, आणि केस मागे वळलेले असल्याने परत वर येत नाही. टेकडी चढून आलेल्या माणसाच्या पायमोज्यांत घुसते ते हेच. या बियाला भुसभुशीत माती आणि ऊन एवढेच हवे असते. तिथे खड्डा खणून मुरूम वर काढला की वर येते ते गाजरगवत किंवा कॉसमॉस, कुसळी नव्हे.

गाजरगवताचा उल्लेख पुण्याच्या संदर्भात अनायासे झाला असला तरी त्याला इतिहास आहे. पार्थेनियम या शास्त्रीय नावाच्या या अमेरिकी तणाची भारतातली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली आणि पुढे ते देशभर पसरले. पिवळा कॉसमॉस मात्र बागेतून सुटलेला आहे. मेक्सिकोकडचे हे शोभेचे रोप आता सप्टेंबरमध्ये टेकड्यांचे उतारच्या उतार केशरी-पिवळे करून टाकते आणि पाहणाऱ्याला त्यात सृष्टिसौंदर्याव्यतिरिक्त काही दिसत नाही. खणलेली, उलटीपालटी झालेली जमीन ही दोघांचीही आवडती जागा आहे.

संयोजक : समजा, खड्डे चुकले. मग दोनशे माणसांनी काय करायचे ते सांगा. श्रमदान म्हणजे सकाळी सात ते दहा. दहा वाजता माणसाला मागे वळून बघितल्यावर काहीतरी दिसायला हवे. गावागावांत पाण्यासाठी लोक का राबले? चर किती झाले, पाणी किती साठले, हे त्यांना दिसत होते.

इथे वादाचे मूळ हाती लागते. महाराष्ट्रातील श्रमदानाची आजची पद्धत प्रामुख्याने पाणलोट विकासातून, म्हणजे पावसाचे पाणी जिथे पडते तिथेच अडवण्याच्या कामातून, घडलेली आहे. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर समतल चर आणि बंधारे यांची सवय राज्याला लागली, आणि २०१६पासून पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने तिला उत्सवाचे रूप दिले. तीन तालुक्यांत सुरू झालेली ती स्पर्धा २०१८मध्ये पंचाहत्तर तालुक्यांपर्यंत पोचली. सलग समतल चर, म्हणजे उतारावर एकाच उंचीच्या रेषेने खणलेली नाली, किती घनमीटर खणली हे मोजणे तिथे सार्थ असते, कारण खणलेल्या पोकळीचा आणि अडणाऱ्या पाण्याचा थेट संबंध आहे. त्याच काळात राज्य शासनाच्या वृक्षलागवड मोहिमेची उद्दिष्टे २०१६मध्ये दोन कोटी, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९मध्ये तेहतीस कोटी अशी वाढत गेली, आणि हातांनी केलेल्या कामाची थोरवी आकड्याने सिद्ध होते हा समज पक्का झाला. पाणलोटात खरे असलेले हे माप अधिवासाला लावले की फसते, कारण इथे खणलेल्या पोकळीचा आणि परतणाऱ्या चंडोलाचा तसा संबंध नाही. उलट, मे महिन्यात उघड्या माळावर खड्डे खणणारी पन्नास माणसे माळटिटवीच्या अंड्यांवरून चालत गेली असण्याची शक्यता अधिक, कारण ती टिटवी नेमकी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती अंडी खड्यांमध्ये ओळखू येत नाहीत.

अभ्यासिका : काम पुष्कळ आहे, काका, फक्त ते एका रविवारी दोनशे माणसांचे नाही. जूनमध्ये जमीन ओली झाली की गिरिपुष्पाची या वर्षीची रोपे हाताने उपटून निघतात. पुढच्या वर्षी त्यांना पहार लागेल. ऑगस्टअखेर, बी धरण्याआधी, कॉसमॉस काढायचा. पावसाळा संपला की माथ्यावरच्या गवताचे बी गोळा करायचे आणि जिथे पायवाटांनी जमीन उघडी पडली आहे तिथे टाकायचे. वणव्यासाठी जाळरेषा, म्हणजे गवत कापून मोकळा ठेवलेला पट्टा, वनखात्याच्या माणसांबरोबर काढायची. आणि सगळ्यांत आधी, त्या पाच-सहा आडवाटा दगड लावून बंद करायच्या. दुचाक्यांनी आणि हौशी धावपटूंनी माथ्यावर जेवढी माती घालवली आहे तेवढी गेल्या काही वर्षांत गुरांनीही घालवली नसेल.

संयोजक : आणि घाणेरी? ती तर आम्ही दर वर्षी तोडतो.

अभ्यासिका : तोडता, म्हणूनच ती दर वर्षी येते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी एक पद्धत रूढ केली आहे. कोयता फांद्यांवर चालवायचा नाही. जमिनीखाली तीन-चार बोटे, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली, मुख्य मुळावर कुदळीचा एक घाव घालायचा, अख्खे झुडूप उचलायचे आणि मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवायचे, म्हणजे फांद्या जमिनीला टेकून रुजत नाहीत. एका माणसाला एका झुडपाला थोडा वेळ लागतो, पण ते झुडूप परत येत नाही.

संयोजक : हे बारा माणसांना शिकवता येईल. दोनशेंना शिकवायला गेलो तर कॉसमॉसबरोबर सोनकी आणि कवलाही उपटून टाकतील. पिवळे फूल दिसले की संपले. मग म्हणाल, माणसेच नको होती.

अभ्यासिका : माणसे हवीत, पण एका जाणत्यामागे दहा-बारा एवढीच. फूल पाहून उपटायचे नाही, पान पाहून उपटायचे. कॉसमॉसचे पान झेंडूसारखे चिरलेले असते, आणि फूल येण्याआधी ते ओळखता आले तरच उपयोग. दोनशे जणांना चार महिन्यांत विभागून बोलवा.

संयोजक : विभागून बोलवले की निम्मे येत नाहीत. शिवाय कंपनीचे लोक आहेत. त्यांना सामाजिक दायित्व निधीच्या अहवालात रोपांची संख्या लिहायची असते. ‘गवत होते तसे राहू दिले’ असा रकाना त्या तक्त्यात नसतो. आणि एक लक्षात घ्या. २०२३मध्ये या टेकडीवरच्या नियोजित रस्त्याला आणि बोगद्यांना विरोध करायला पुणेकर मोठ्या संख्येने उतरले. ते सॅव्हाना वाचवायला आले नव्हते. आपली टेकडी वाचवायला आले होते.

या युक्तिवादाचे वजन अभ्यासकांच्या वर्तुळात पुरेसे ओळखले जात नाही. नागरी टेकडीला सर्वांत मोठा धोका गिरिपुष्पाचा नसून रस्त्याचा, बांधकामाचा आणि आरक्षण उठवण्याचा आहे, आणि त्या धोक्यापुढे उभी राहते ती शास्त्रीय अचूकता नव्हे, तर माणसांची संख्या. मोर्चाला आलेली माणसे रोपे लावली म्हणूनच आली असे सिद्ध करता येणार नाही. त्यांतली बरीचशी केवळ रोज फिरायला येणारी असतील. तरीही आपलेपणा कामातून येतो हा संयोजकांचा अनुभव खोटा ठरत नाही. आपलेपणा येण्यासाठी झाडच लावावे लागते की दुसरे काही चालते, एवढाच काय तो प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अजून कुणी नेटाने शोधलेले नाही, कारण झाड लावणे सोपे पडते. १९५०मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री क. मा. मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केल्यापासून शाळा, कार्यालये आणि पुढारी यांना पावसाळ्यात करण्यासारखे एकच पुण्यकर्म ठाऊक आहे.

अभ्यासिका : झाडे लावूच नयेत असे म्हणणे नाही. पायथ्याच्या ओघळींत माती खोल आहे. जुन्या खाणीच्या कडेला आणि जिथे गिरिपुष्प दाट आहे तिथे वारस, मेडशिंगी, सालई, पांगारा लावता येतील. गिरिपुष्प एकदम काढायचे नाही. फांद्या छाटून वरून प्रकाश सोडायचा, खाली देशी रोप धरू द्यायचे आणि मग वरचे झाड टप्प्याटप्प्याने काढण्यासाठी रीतसर परवानगी मागायची. नागरी हद्दीत झाडतोडीला १९७५चा अधिनियम लागू आहे आणि वनजमीन असेल तर वनखाते आहे. तिथे स्वयंसेवकाने आपल्या बळावर कुऱ्हाड उचलायची नसते.

संयोजक : आणि माथ्यावर आधीच लावलेली? तिथे वडील गेल्यावर मुलाने लावलेला पिंपळ आहे. दर वर्षी त्या तिथीला तो येतो, बुंध्याशी पाणी घालतो, दोन मिनिटे उभा राहतो. ते झाड चुकीच्या जागी आहे असे त्याला सांगायचे?

अभ्यासिका : नाही. ते झाड तसेच राहू द्यायचे. माथ्यावर दहा-वीस स्मृतिवृक्ष असल्याने गवत मरत नाही. सॅव्हानात झाडे असतातच. मरते ते दर वर्षी तीनशे खड्डे पडल्याने. यापुढच्या स्मृतीसाठी पायथ्याला जागा ठरवू.

संयोजकांनी हे मान्य केले, आणि या संवादात त्यांनी विनाअट मान्य केलेला हा पहिला मुद्दा आहे. माथ्यावर यंदा लागवड नाही हेही त्यांनी स्वीकारले, मात्र ते पटले म्हणून नव्हे, तर मागच्या तीन पावसाळ्यांत तिथे लावलेल्या रोपांपैकी जी जगली ती मोजण्याची वेळ आली तेव्हा आकडा त्यांच्याच तोंडून निघेना म्हणून. उथळ मुरमात, वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस आणि तोही चार महिन्यांत पडणाऱ्या ठिकाणी, करंज-पिंपळाची रोपे बाटलीच्या पाण्यावर तग धरतात ती पाणी घालणारा येत राहतो तोवरच.

संयोजक : मग त्या तीनशे खड्ड्यांचे काय?

अभ्यासिका : बुजवायचे. मुरूम खाली, माती वर, ज्या क्रमाने निघाली त्याच्या उलट क्रमाने. वरून गेल्या हंगामातले वाळके गवत पसरायचे.

संयोजक : श्रमदानाला बोलावून खड्डे बुजवायला लावायचे! पत्रकात लिहायचे तरी काय?

अभ्यासिका : जे करणार तेच. माथ्यावरचे गवत परत यावे म्हणून खड्डे बुजवणे आणि आडवाटा बंद करणे. दोनशेंपैकी साठ जण आले तरी काम पुरे होईल. प्रमुख पाहुणे आले तर त्यांनाही एक घमेले द्या.

संयोजक : आणि वर्षाच्या शेवटी लोकांना कोणता आकडा सांगायचा? आकडा तर लागेलच.

अभ्यासिका : आकडा द्यायचा, पण रोपांचा नको. माथ्यावर एक मीटर लांबी-रुंदीच्या वीस चौकटी आखायच्या, काही बुजवलेल्या खड्ड्यांवर आणि काही न खणलेल्या जागी. दर सप्टेंबरमध्ये प्रत्येक चौकटीत किती जातींची गवते आणि इतर वनस्पती आहेत, कॉसमॉस किती, उघडी जमीन किती, एवढे मोजायचे. हे काम दहावीची मुले उत्तम करतात. पहिल्या वर्षी आकडा खाली जाईल, कारण हललेल्या मातीत तण आधी येते.

संयोजक : पहिल्याच वर्षी खाली गेलेला आकडा घेऊन लोकांपुढे उभे राहायचे?

अभ्यासिका : हो, आणि का गेला ते सांगायचे.

यावर संयोजकांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी फक्त एवढेच विचारले की चौकटींच्या कोपऱ्यांवर खुंट्या मारल्या तर त्या आठवड्याभरात कुणीतरी जळणाला उपटून नेईल, त्याचे काय करायचे. खुंट्यांऐवजी जमिनीतून वर आलेल्या दगडांवर पांढऱ्या ऑइल पेंटने ठिपके द्यावेत, ठिपक्यांचे अंतर वहीत उतरवून ठेवावे आणि वही एकाच घरी न राहता तिच्या दोन प्रती असाव्यात, असे दोघांमध्ये ठरले.